उलट्या नळांचे डॉक्टर

आमच्या झोयाला आता आकडी येत नाही. हे पहिलंच सांगून टाकते, कारण मी स्वतः कुठली गोष्ट वाचायला घेतली आणि तीत लहान पोर आजारी असलं की आधी शेवटचं पान बघते, नाहीतर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. झोया शाळेत जाते, मला इंग्लिशमध्ये उलट उत्तरं देते, डब्यातली भाकरी परत आणते, चांगली आहे. हे झालं. आता तानीगुचीसाहेबांबद्दल सांगते.

मी आठवीपर्यंत शिकलेली. खाडीकाठचं गाव आमचं, रत्नागिरी जिल्ह्यात. लग्न झालं, झोया झाली, ती बसायला लागली तोवर फॅमिली व्हिसा आला नि आम्ही मायलेकी विमानात बसलो. जूनचा महिना होता. दम्मामला एअरपोर्टच्या बाहेर पाऊल टाकलं आणि वाटलं की कुणीतरी भट्टीचं दार उघडून माझं तोंड आत धरलंय. रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करायचा मोठा प्लांट आहे, तिथे आमचे हे फिटर. प्लांटच्या बाजूला वाळूतच कंपनीची फॅमिली कॉलनी, बैठी घरं, एकसारखी, सगळी त्याच पिवळ्या रंगाची. ह्यांनी आम्हाला घरात सोडलं, एसी लावून दिला, ड्युटी होती म्हणून लगेच निघाले. जाताना म्हणाले, आतून कडी लाव, कुणाला उघडू नको. मी तशी आधीच भित्री, त्यात हे असं बोलून गेले.

आणि हे गेले नाहीत तोच दारावर टकटक.

दाराच्या भिंगातून बघितलं तर एक म्हातारा. बारीक, गोरा, कापडी टोपी घातलेला, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मला वाटलं कुणी चिनी माणूस काहीतरी विकायला आलाय. मी श्वास धरून गप्प. ते परत वाजवत नव्हते, जात पण नव्हते, नुसते उभे होते. मग बाजूच्या घरातून बाईचा आवाज आला, चक्क मराठीत, "अगं उघड, ते आपले उम्दा आहेत."

ही शीतलताई. साताऱ्याची, सरकारी हॉस्पिटलात नर्स. पुढे तिनंच मला सगळं शिकवलं. इथे मोहल्ल्याचा जो मुखिया असतो त्याला उम्दा म्हणतात, तेही तिनंच सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की बाहेर एक मराठी बाई आहे, म्हणजे मरत नाही. उघडलं.

त्यांनी बूट काढले. आमच्या चपला दाराशी कशातरी पडल्या होत्या त्या वाकून सरळ केल्या, टोकं बाहेरच्या बाजूला. मोडक्या हिंदीत बाळाचं नाव विचारलं. आणि मग सरळ बाथरूमकडे चालू लागले. मी झोयाला छातीशी घट्ट धरून त्यांच्या मागे. त्यांच्या मनगटात, आपण बांगड्या घालतो तशा, टेपच्या दोन गुंडाळ्या होत्या, एक लाल, एक निळी. मला वाटलं प्लंबर असेल.

निळ्या खुणेचा नळ सोडून मला मानेनं खुणावलं, हात धर. मी बोट लावलं आणि किंचाळले. चहाचं पाणी असतं ना, तसं. मग त्यांनी लाल नळ सोडला. हात धरला तर गार.

आता हे इथे राहिलेल्या सगळ्यांना माहीत असतं, पण नवीन माणसाला कोण सांगणार. पाण्याची टाकी असते छपरावर, दिवसभर उन्हात तापते, म्हणून उन्हाळ्यात थंडच्या नळाला उकळतं पाणी येतं. आणि गिझर असतो घरात, एसीच्या गारव्यात, तो बंद ठेवला की त्यातलं पाणी गार राहतं. म्हणून उन्हाळाभर लाल नळ गार आणि निळा नळ गरम. आमच्याकडे विहिरीचं पाणी, वर काढलं की गारच असतं. मला कसं सुचावं?

मी तेव्हा झोयाला आंघोळच घालणार होते. प्रवासाचा घाम होता तिच्या अंगाला. तिचा फ्रॉक काढलेला होता आणि छोटी बादली निळ्या नळाखाली मांडून ठेवलेली होती. ते त्या बादलीकडे बघत राहिले, मग झोयाकडे बघितलं. निळ्या नळावर लाल टेप गुंडाळली, लाल नळावर निळी, नखानं नीट दाबून बसवली. मग म्हणाले, "गर्मी में यहाँ उल्टा, उम्म झोया. ऑक्टोबर में फिर सीधा. मैं आऊँगा."

उम्म झोया म्हणजे झोयाची आई, अरबी लोक तसंच बोलावतात. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना ते त्यांच्या पोरांच्या नावानं हाक मारायचे. शीतलताई दारातून म्हणाली, डॉक्टरांना थँक्यू म्हण. मी म्हटलं, शुक्रिया डॉक्टरसाहेब. ते बूट घालत होते, वर न बघता बोलले, "डॉक्टर खलास."

हे त्यांचं नेहमीचं होतं. कुणीही डॉक्टर म्हटलं की तेवढंच. संपला डॉक्टर.

खरे डॉक्टर होते तानीगुचीसाहेब, जपानहून आलेले. प्लांट बांधायला जपानी कंपनी आली तेव्हा तिच्याबरोबर कॅम्पचे डॉक्टर म्हणून आले आणि वर्षानुवर्षं कॉलनीचा दवाखाना चालवला. शीतलताई सांगायची की तेव्हा एकदा कुणाचंतरी पोर निळ्या नळाखाली भाजलं. साहेबांनी पट्ट्या बांधल्या, पोर बरं झालं, पाठीवर डाग राहिले. पोर भाजलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दवाखान्याला कुलूप लावलं आणि घराघरांत जाऊन नळ सोडून बघत बसले. कंपनीला म्हणाले, टाक्यांवर सावली करा. कंपनी म्हणाली, बघू. मग स्वतः दुकानात जाऊन टेप आणली. ते म्हणायचे की भाजलेलं पोर दवाखान्यात येतं तेव्हा मी उशिरा पोचलेला असतो.

तिथून त्यांचा पाय दवाखान्यात ठरेना. गॅसचे सिलिंडर उन्हात उभे, ते सावलीत हलवा. शाळेच्या बसची वाट बघत पोरं उन्हात, तिथे छप्पर टाका. गटाराचं झाकण मोडलंय. पुढे वय झालं, लायसन्स पुढे वाढलं नाही, दवाखान्याचा करार संपला आणि दवाखानाच बंद झाला. पण कंपनीच्या ऑफिसात सल्लागार म्हणून नाव राहिलं, त्यावर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, राहिला, तानीगुचीसाहेब राहिले. कॉलनीची कमिटी निवडायची वेळ आली तेव्हा कुणालाच उभं राहायचं नव्हतं आणि सगळ्यांना तेच हवे होते. गेटवरचे सिक्युरिटीवाले तेव्हापासून त्यांना उम्दा म्हणायला लागले, आधी थट्टेनं, मग तसंच.

दवाखाना बंद झाल्यावर लोक त्यांच्या घरी पोरं घेऊन जायचे. थोडं बघा ना साहेब. ते बघायचे, पण हात लावायचे नाहीत. हात पाठीमागे. इथे लायसन्स नसताना पेशंटला हात लावला आणि काही बरंवाईट झालं तर जेल, नाहीतर सरळ देशाबाहेर. लोक चिडायचे. एकानं तर तोंडावर म्हटलं होतं की घाबरट आहात. शीतलताईनं एकदा मस्करीत विचारलं, साहेब, कुणी बेड्या घातल्यात का तुम्हाला, सारखे हात मागे? ते म्हणाले, "ये दोनों अभी भी डॉक्टर हैं. मैं खलास, ये नहीं मानते. इसलिए बाँध के रखता हूँ."

आम्ही हसलो. ते पण हसले. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

चपलांचं सांगायचं राहिलं. कुणाच्याही घरी गेले की चपला सरळ करायचे, टोकं बाहेर, म्हणजे निघताना पाय पटकन जावा. त्यांच्याकडे तशीच रीत असते म्हणे. पण शुक्रवारी काय करायचे, कॉलनीच्या मशिदीत सगळे पुरुष नमाजला आत गेले की साहेब बाहेर वाकून सगळ्यांच्या चपला फिरवत बसायचे. एवढा ढीग, एक इकडे एक तिकडे, जोड्या लावून ओळीनं मांडायचे. स्वतः नमाज पढत नव्हते, त्यांचा धर्म वेगळा. आमचे हे सांगायचे, सुरुवातीला काही लोकांना आवडलं नाही, हा कोण आमच्या चपलांना हात लावणारा. एक शुक्रवार ते आजारी होते, आले नाहीत. त्या दिवशी बाहेर जी चेंगराचेंगरी झाली, एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात, भांडण होता होता राहिलं, त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

आणि बोंबील. मी गावाहून सुके बोंबील आणले होते, एक दिवस तळले. पलीकडच्या घरातून कमिटीकडे तक्रार गेली की ह्या बाईच्या घरात काहीतरी सडलंय. उम्दा तपासाला आले. मी दारातच रडकुंडीला. म्हटलं, आता कॉलनीतून काढतात. ते किचनमध्ये आले, कढईत वाकून बघितलं, लांब श्वास घेतला आणि असा चेहरा केला की मला वाटलं उलटी होणार. मग टेबलाशी जाऊन बसले. मी ताट दिलं. दोन खाल्ले, तिसरा मागून घेतला. त्यांचं गाव पण समुद्रकाठचं, तिथे पण मासे असेच दोरीवर सुकवतात म्हणाले, वास हाच. तक्रारवाल्यांकडे जाऊन काय सांगितलं माहीत नाही, पण संध्याकाळी ती पलीकडची बाई माझ्याकडे वाटी घेऊन आली, थोडे चाखायला द्या म्हणून.

आता ते सांगते जे सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

थंडी संपत आली होती. झोयाला सकाळपासून ताप. हे ड्युटीवर, शीतलताई पण हॉस्पिटलात. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि बघता बघता तिचे डोळे वर गेले, अंग लाकडासारखं ताठ झालं, मग हातपाय झटके द्यायला लागले. तोंडाला फेस. मी कधी बघितलं नव्हतं असं. मला वाटलं गेली. मी तशीच उचलली, अनवाणी धावले, समोरच तानीगुचीसाहेब राहायचे. ते ओट्यावर कुंडीत काहीतरी लावत होते. मी झोयाला त्यांच्या पुढ्यात धरलं, घ्या म्हटलं, घ्या.

त्यांनी मातीनं भरलेले हात पाठीमागे नेले.

"नीचे रखो," म्हणाले. "करवट पे." मी खाली ठेवली, कुशीवर केली. मला चमचा हवा होता, आमच्याकडे दातखिळी बसली की दातांत चमचा घालतात, कांदा फोडून हुंगवतात. मी चमच्यासाठी त्यांच्या घरात घुसायला निघाले तर ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "मुँह में कुछ नहीं." खिशातून मोबाइल काढून त्यांनी अँब्युलन्सला अरबीत सांगितलं, फोन खाली पडला, हात परत मागे. मी त्यांच्यावर ओरडले, मराठीतच, "तुमचे हात काय सडलेत काय, धरा ना माझ्या पोरीला." त्यांना शब्द कळले नसतील. बाकी सगळं कळलं. ते माझ्या बाजूला उकिडवे बसले आणि मी बघितलं, मागे त्यांनी एका हातानं दुसरा मनगटात असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"डोक्याखाली ओढणी," म्हणाले, ते हिंदीत. "कपडे ढिले कर. हातातलं घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मला सांग." मी म्हटलं मला भीती वाटते. ते म्हणाले, "पहले देखो, फिर डरो."

मी बघितलं. घड्याळाचा काटा बघितला, तिचं तोंड बघितलं, ओठांचा रंग बघितला, ते जे जे विचारत होते ते बघून सांगितलं. आणि झटके थांबले. आपोआप. झोया ढिली पडली, घोरायला लागली. मग मी डरले. मग असं रडले की मला आठवत नाही.

अँब्युलन्स आलीच नव्हती अजून. ती उभी असते प्लांटवर, आणि प्लांटचा रस्ता आमच्या कॉलनीच्या मागच्या गेटासमोरून जातो, पण त्या गेटाला कुलूप. दवाखाना बंद झाला तेव्हापासून सिक्युरिटीच्या नावाखाली बंद करून टाकलेलं. म्हणून ती बाहेर हायवेला जाऊन, लांबचा वळसा घालून पुढच्या गेटानं येते. ती आली तेव्हा झोया झोपून उठून माझ्याकडे टकामका बघत होती.

हॉस्पिटलात सांगितलं की तापाची आकडी आहे, बऱ्याच पोरांना येते, मोठी झाली की जाते. पण परत येऊ शकते, आणि लांबली तर लगेच आणायचं. लगेच. मी ह्यांना त्याच रात्री म्हटलं, आम्हाला गावी पाठवा. हे म्हणाले, गावी काय आहे, खाडी ओलांडायला होडी लागते. मी म्हटलं, तिथे माणसं आहेत, हात लावणारी. ह्यांचा चेहरा उतरला. तीन वर्षं एकटे काढली होती ह्यांनी इथे, आम्ही येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. म्हणाले, ईदपर्यंत थांब, मग तू म्हणशील तसं.

दुसऱ्या दिवशी तानीगुचीसाहेब दारात आले. मी भिंगातून बघितलं आणि उघडलं नाही. तसेच उभे राहिले, पहिल्या दिवसासारखे. शेवटी मीच कंटाळले. त्यांनी माफी मागितली नाही. म्हणाले, राग बरोबर आहे. मग त्यांच्या त्या तुटक्या हिंदीत हळूहळू एवढं म्हणाले की लायसन्सची गोष्ट आहेच, पण तेवढीच नाही. "मैं सामने रहता हूँ. कब तक, मालूम नहीं. झोया के पास हमेशा कौन? तुम. मेरा हाथ तो सीख चुका. अब तुम्हारा हाथ सीखेगा."

आणि ते तिथून अबू फहदच्या ऑफिसात गेले.

अबू फहद, म्हणजे फहदचा बाप, आमचे कॅम्पचे मॅनेजर, सौदी, अंगानं भरदार माणूस, मनानं चांगला पण खुर्चीतून उठायचा आळस. गेटासाठी अर्ज आधीच गेले होते, त्याचं काही झालं नव्हतं. तानीगुचीसाहेबांनी अर्ज केला नाही. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की जाऊन समोर बसायचे, कहवा प्यायचे, खजूर खायचे, उंटांचं विचारायचे, नातवंडांचं विचारायचे, आणि उठून यायचे. गेटाचं नावच नाही. रोज. शेवटी अबू फहदच वैतागले, म्हणाले, बाबा, तुला काय पाहिजे ते सांग, मला झोप लागेना. साहेब म्हणाले, काही नाही, माझ्याबरोबर थोडं चाला.

आम्ही बायका खिडक्यांतून बघत होतो. साहेबांच्या हातात छत्री आणि अबू फहदच्या हातात तांदळाची पिशवी, झोयाच्या वजनाची. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की समजा हे तुमचं पोर आहे आणि ते श्वास घेत नाहीये, आता अँब्युलन्सला गाठायचं. आमच्या दारापासून मागच्या गेटापर्यंत गेले, तिथे कुलूप. जाळीतून पलीकडे रस्ता दिसतो, हात घातला तर लागेल असा. तिथून उलटे फिरून सगळी कॉलनी ओलांडून पुढच्या गेटापर्यंत. अबू फहद थांबायचे, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर, साहेब त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे, घाई नाही. परत चालायचे. पुढच्या गेटाशी पोचल्यावर अबू फहदनी पिशवी खाली ठेवली नाही, हे मी स्वतः बघितलंय. छातीशी धरूनच उभे राहिले, धापा टाकत. मग म्हणाले, "खलास. यल्ला, खोलो."

त्याच आठवड्यात कुलूप निघालं, गार्ड बसला, गेटाशी अँब्युलन्ससाठी शेड झाली.

ती तांदळाची पिशवी साहेबांनी परत दिली नाही. कमिटीच्या खोलीत सगळ्या आयांना बोलावलं, मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, आम्ही, आणि पिशवी सतरंजीवर ठेवली. कुणीतरी पेननं तिला डोळे काढले होते. आकडी आली तर काय, घशात शेंगदाणा अडकला तर काय, भाजलं तर काय. स्वतः खुर्चीत, हात मागे, नुसतं सांगायचे. करायचं शीतलताईनं, तिच्याकडे नर्सचं लायसन्स होतं, मग आम्ही एकेकीनं. बायकांनी पिशवीचं नाव फहद ठेवलं, कारण अबू फहदनी एवढी कडेवर घेतली होती ना. "माझी पाळी, दे इकडे फहदला." "अगं फहदला पालथा काय घालतेस, मारशील त्याला." हे अबू फहदपर्यंत गेलं. आम्ही घाबरलो. ते म्हणाले, माझा फहद याच्यापेक्षा पुष्कळ जड आहे, आणि एवढा गप्प पण नाही.

मी त्या पिशवीला किती वेळा कुशीवर केलं असेल. ईद आली नि गेली. ह्यांनी विचारलं नाही, मी पण गावचा विषय काढला नाही.

ऑक्टोबरमध्ये साहेब नळ सरळ करून गेले. पुढचा मे आला तेव्हा कळलं की जपानी कंपनीचं ऑफिसच बंद होतंय, त्यांचा इकामा वाढणार नाही. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. कॉलनीनं सह्या केल्या, अबू फहद स्वतः दोन ऑफिसांत जाऊन आले, काही झालं नाही. मला रात्रभर झोप नाही. आकडी परत आली नव्हती, पण ते समोर राहतात एवढ्यावर मी दिवस काढत होते. त्यांच्या ओट्यावर दिवा दिसला की मी झोपायची. मी त्यांना विचारलं, तिथे कोण आहे तुमचं? म्हणाले, मुलगा शहरात, घर गावात, बायको आता नाही. मग म्हणाले की त्या गावात सगळे म्हातारे, नळ मात्र सरळ आहेत. ते मस्करीत बोलले, पण मला पहिल्यांदा असं वाटलं की साहेब पण कशालातरी भितात.

जायच्या दिवशी सकाळपासून घराघरांत नळ उलटे करत फिरत होते. आमचं घर शेवटचं ठेवलं होतं. बाहेर दम्मामला जायची गाडी उभी, सामान आत, ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला होता. झोयाला आदल्या दिवसापासून कणकण होती, मी औषध दिलं होतं. साहेब बूट काढून, वाकून चपला लावून बाथरूममध्ये गेले. मी तिला घेऊन हॉलमध्ये. आणि तिचे डोळे वर गेले.

मी तिला खाली ठेवलं. कुशीवर केलं. ओढणीची घडी डोक्याखाली, फ्रॉकची बटणं मोकळी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, फोन लावला, घराचा नंबर सांगितला, मागचं गेट म्हणून सांगितलं. ओठांचा रंग बघितला. बघत राहिले. घड्याळ पुढे जात होतं, या वेळी थांबेना, मागच्यापेक्षा लांबलं, आणि मी बघतच राहिले, कारण भ्यायचं नंतर असतं हे मला माहीत होतं. साहेब बाथरूमच्या दारात येऊन उभे होते. ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, काही विचारलं नाही, आणि ते पण काही बोलले नाहीत.

मागच्या गेटानं अँब्युलन्स आली ती सायरन वाजायच्या आत आमच्या दारात. मी झोयाला उचललं, धावले, उंबऱ्याशी पाय चपलेत आपोआप गेले, टोकं बाहेर होती. आतल्या माणसानं लगेच झोयाला औषध दिलं. मी तिच्या बाजूला बसले आणि कुणीतरी माझा मोकळा हात धरला. साहेब होते. धावत आले होते, बूट न घालता, तापलेल्या रस्त्यावर मोज्यांवर. त्यांनी मनगटातल्या दोन्ही गुंडाळ्या काढून माझ्या मनगटात सरकवल्या, लाल आणि निळी. "ऑक्टोबर," म्हणाले. दार लागलं.

झोयाचे झटके कमी व्हायला लागले होते, बोटं सैल पडत होती. मी मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. गेट सताड उघडं, गार्ड बाजूला, आणि मधोमध, अँब्युलन्सच्या मागे धावत आलेले तानीगुचीसाहेब. लांबून त्यांची गाडी हॉर्न देत होती, ते वळले नाहीत. त्यांचे हात पहिल्यांदाच पुढे होते, मोकळे लोंबकळत, मनगटं रिकामी. एकदा ते हात पाठीमागे न्यायला गेले, अर्ध्यावर थांबले, परत पुढे आणले. त्या हातांचं आता काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.